लाल गाठीपाशी

प्रिय बेडकू,

काल फोनवर तू विचारलंस, आवाज का बसलाय. मी सर्दी म्हणाले. सर्दी नव्हती, खारं पाणी नाकातोंडात गेलं होतं. गेले काही महिने मी कासवकाकांकडे डायव्हिंग शिकते आहे. हसू नकोस. गुडघाभर पाण्यात किंचाळणारी तुझी आई आता पाठीवर सिलिंडर बांधून बोटीवरून उलटी पडते.

बाबांचा रबरी पोशाख अजून बाल्कनीतच टांगलेला आहे. वारा आला की त्याचं पोट भरतं, गुडघे वाकतात, आणि स्वयंपाकघरातून वाटतं, कुणीतरी आत यायचं म्हणून थांबलंय. तो काढायचं धाडस झालं नाही. म्हणून निदान ते जायचे ते पाणी तरी बघावं, असं मनात आलं.

काका अगदी बाबांसारखंच शिकवतात. नवशिक्यांना दोघं मिळूनच न्यायचे ना, एक खाली, एक बोटीवर. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने बाहेर फुंकायला मला आठवडा लागला. काका म्हणाले, वहिनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही गप्प आणि मी बोलतोय, मला काही घाई नाही. मग समुद्रात, नांगराच्या दोरीवरची लाल गाठ दाखवली. वर येताना तिच्यापाशी थांबायचं, अंगात मुरलेला वायू हळूहळू सुटू द्यायचा, मगच डोकं पाण्याबाहेर. घाई असेल त्याने बस पकडावी, हे बाबांचं वाक्य त्यांनी तसंच म्हटलं, आणि आम्ही बोटीच्या वेगवेगळ्या बाजूंना बघत बसलो.

तुला तर बाबांनी हे घरातच शिकवलं. जिना चढताना वरच्या पायरीआधी दंड धरून थांबवायचे. शेजारीण म्हणायची, बापलेकीला रोज किल्ली सापडत नाही वाटतं.

त्या दिवशी हॉस्पिटलात, केसांतून पाणी निथळत असताना, तू मला एवढंच म्हणालीस, "आई, मी त्यांना धरून गाठीपाशी थांबले." तुझी ती पहिलीच खोल बुडी. बाबा एकाएकी सैल पडले, तू त्यांना कवेत घेऊन वर निघालीस आणि शिकवलं होतं तशी थांबलीस. बेशुद्ध माणसाला घेऊन थांबायचं नसतं, सरळ वर यायचं असतं. तो धडा तुझा अजून व्हायचा होता. मी नुसते तुझे केस पुसत राहिले. मग तू लांबची नोकरी धरलीस, आणि आपण फोनवर गॅस आणि घरभाडं यावरच बोलत राहिलो. तू थांबली नसतीस तर ते वाचले असते का, हे मी तुझ्या नकळत डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही, म्हणाले. भांडी घासताना, कुलूप लावताना तेच ऐकू येतं.

शेवटी मी काकांकडे एक मागणं केलं. कधीतरी, न सांगता, खाली सैल पडा, मी तुम्हाला वर आणते. त्यांनी कानाला हात लावले. पुष्कळ दिवस टाळलं, पण सरळ वर कसं आणायचं ते तलावात माझ्याकडून घोटून घेतलं. परवा शनिवारी त्यांची मान पडली. नाटक आहे, ठाऊक होतं. थांबायचं नाही, हेही ठाऊक होतं. त्यांना छातीशी धरून मी निघाले, लाल गाठ दिसली, आणि माझा हात तिच्यावर गेला. वर उजेड होता, बोटीचा तळ दिसत होता, आणि हात सुटेना. जिन्यावर धरतात तसा कुणीतरी माझा दंड धरला होता. काका दोन्ही हात पसरून निपचित होते. मला हुंदका आला, तोंडातली नळी सुटली, तेव्हा त्यांनीच डोळे उघडून ती परत दिली आणि मला वर नेलं. बोटीवर ते टॉवेलात तोंड घालून बसले.

तुझ्या त्या वाक्याला मी उत्तर दिलं नव्हतं, ते द्यायला हे पत्र. बेडकू, मीसुद्धा थांबले. सगळं माहीत असून थांबले. पाणी निवळलं की मी पुन्हा जाणार आहे, आणि मला जोडीदार लागेल. पाण्यात यायचं नसेल तर घरी तरी ये. बाल्कनीतला पोशाख एकटीने काढवत नाही मला.

तुझीच,
आई