तिसऱ्या मजल्यावरचा साक्षीदार

३ फेब्रुवारी
फ्रेडीच्या अपिलात मी साक्षीदार. फ्रेडी माझ्याकडे एसीचं काम करतो, इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्याच खाली राहतो. पार्किंगवरून शेजारच्या खैरुद्दीनला शिव्या दिल्या म्हणून खालच्या कोर्टाने एक महिना कैद ठोकली, वर देशाबाहेर हकालपट्टी. बायको ॲना आणि मुलगी जेनेल त्याच्याच व्हिसावर. पोरगी ऊद मेथाच्या शाळेत सातवीला. अपील गेलं की संसार खलास.
पण मी आहे ना. सत्तावीस वर्षं नुसत्या आवाजावरून कंप्रेसरचा आजार सांगतोय. याच कानांवर धंदा उभा केला.

५ फेब्रुवारी
वकील अबुजरसाहेबांकडे गेलो. म्हणाले, सिप्रियनभाई, आपको एक ही बात बोलनी है, खैरुद्दीन की गाडी का शीशा बंद था. बंद था, तो उसने सुना कैसे? शिवाय शिवी कुठली, हे त्याला अजून सांगता आलेलं नाही. बाकी कुछ नहीं बोलना.
हो म्हटलं. पण एवढ्याशा वाक्यासाठी माझ्यासारखा माणूस?

९ फेब्रुवारी
संकल्प: मोजकं बोलणे. आरशासमोर प्रॅक्टिस. काच बंद होती. फारच त्रोटक वाटतं. आमच्या शेनॉनला ऐकवलं, थोडी प्रस्तावना जोडून. Dad, just say the one line, म्हणाली. मुलांना प्रेझेंटेशन कळत नाही.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
ॲना मैद्याचे गोड फुगे तळून घेऊन आली. म्हणाली, अंकल, वकील सांगतात तेवढंच बोला हां. रडवेली झालेली. मी घाबरेन असं वाटतंय बिचारीला. सात फुगे खाल्ले. संकल्प कायम.

१३ फेब्रुवारी, दुपार
साक्ष उत्तम. तीन जज, एक दुभाषी. काच बंद होती, म्हटलं. मधल्या जजनी विचारलं, तुम्ही कुठे होता? तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत. तुम्हाला काही ऐकू आलं? आता शपथेवर नाही कसं म्हणायचं? आणि प्रश्न कानांचा होता. शब्द न् शब्द, म्हटलं. दोन्ही शिव्या म्हणून दाखवल्या, फ्रेडीच्याच चालीत. दुभाष्याने आधी घाम पुसला, मग अरबी केलं. अबुजरसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थना करत असावेत. फ्रेडी माझ्याकडे एकटक बघत होता. भारावला असणार.
विचारलं तेवढंच बोललो.

२० फेब्रुवारी
अपील फेटाळलं. अबुजरसाहेबांनी निकाल समजावून सांगितला. शिवीचे शब्द आता रेकॉर्डवर आले. तिसऱ्या मजल्यावर ते स्वच्छ ऐकू येतात, तर दोन हातांवरच्या गाडीत ऐकू आले नाहीत, हे पटत नाही. बचावाचा साक्षीदार मात्र विश्वासार्ह.
विश्वासार्ह. कोर्टाने लेखी दिलंय. एक कॉपी मिळेल का, विचारलं. साहेब लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले.
चूक बिल्डरची. बाल्कन्या इतक्या खाली कोण काढतं?

२६ मार्च, सकाळ
फ्रेडीला काल कैदेतूनच विमानात बसवलं. ॲना आणि जेनेल आज निघाल्या. मी गाडीची किल्ली घेऊन खाली गेलो, एअरपोर्टला सोडतो म्हटलं. ॲना म्हणाली, नको अंकल, टॅक्सी सांगितलीय. वाटेत मला पोरीशी थोडं बोलायचंय.
बोला की, म्हटलं, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.
म्हणाली, बोलणार नाही हो. ऐकाल.