सतरावी विहीर

३ ऑगस्ट १९९८, सोमवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

लॅपटॉप सतरंजीवर उलटा ठेवून आठवा स्क्रू काढत होतो. स्क्रू वाटीत, काढले त्या क्रमाने. काल दुपारपासून आतून आवाज येतोय – टक्, टक्, टक्. पडदा काळा. बॅटरी काढून नुसत्या वायरवर लावून पाहिला. तेच. वायर मानेशी तुटत आली होती, तिला टेप गुंडाळली (५ रु.). तेच!

आत दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, एक्केचाळीस विहिरी आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत.

जूनमध्ये पुण्याला ऑपरेशन झालं. घशातला आवाजाचा भागच काढला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा आई म्हणाली, "योगेस, आवाज हाय तवर लिहून घे त्यांच्याकडून." दादांना लिहिता-वाचता येत नाही. सारा जन्म विहिरी खणल्या, सोनईपासून पार जामखेडपर्यंत. एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी एक विहीर सांगायचे, मी टाइप करायचो. कुणाची, किती परस खोल, खडक कुठे लागला. परस म्हणजे उभा माणूस हात वर करून.

मी दहावी नापास. पण टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास आणि शुद्धलेखन पक्कं. "ईर" हे अशुद्ध आहे हे मला कळतं. दादांचे शब्द तसेच ठेवले.

फ्लॉपीची खाच घेतल्या दिवसापासून बंद. कारखान्याच्या एका साहेबांनी बदली होताना लॅपटॉप आठ हजारांत दिला होता, मराठीही त्यांनीच आत टाकून दिलेली. आणि छापून? ज्यांच्या दुकानात मी टायपिंग करतो ते छगनशेठ पानाला पाच रुपये मागतात. म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

५ ऑगस्ट, बुधवार

मेमरीची पट्टी काढून पितळी दात खोडरबराने घासले (२ रु.). चालू झाला! नववी विहीर उघडली, दादांसमोर मोठ्याने वाचली. दादांनी डोळे मिटून मांडीवर थाप मारली. चार मिनिटांनी पडदा गोठला. मग पुन्हा टक् टक्.

वाचत काय बसलो मी? वहीत उतरवून घ्यायला हवी होती.

८ ऑगस्ट, शनिवार

नगरला गेलो. एसटीत लॅपटॉप मांडीवर, खाली उशी. दुरुस्तीवाला मच्छिंद्र माझ्याच वयाचा. कानाशी धरून म्हणाला, "पत्रिका नको बघायला. डिस्क गेली."

डिस्क काढून त्याने आपल्या कॉम्प्युटरला जोडली. फाइली दिसल्या! मोजल्या – एक्केचाळीस. एक उघडली. आत इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, प्रश्नचिन्हं. एक काना नाही, एक मात्रा नाही. दुसरी उघडली. तिसरी. तेच.

"सडलं सगळं भाऊ. उंदरानं पोतं खाल्ल्यासारखं."

"नीट होईल का?"

"नवी डिस्क साडेचार हजार. न्हाईतर हीच पुसून, खराब भाग बाजूला टाकून चालवू. सहाशे."

तीन वेळा विचारलं. तो तिन्ही वेळा न चिडता म्हणाला, "माझ्या बापाचं असतं तरी हेच सांगितलं असतं."

समोर सतरावी उघडी होती. म्हटलं, हे एक पान छापून द्या. कशाला, ते मलाही कळलं नाही. काय गेलं याचा कागद असावा म्हणून असेल. तीन रुपये. कोपऱ्यात पेन्सिलीने १७ लिहिलं.

मग मीच म्हणालो, "पुसा."

चाळीस मिनिटं लागली. पडद्यावर टक्के चढत होते. शंभर होईपर्यंत उभा होतो.

९ ऑगस्ट, रविवार

आवाज गेला. उत्तम चालतो. रिकामा.

१२ ऑगस्ट, बुधवार

दादांनी दोन्ही तळवे जोडून उघडले – लॅपटॉप उघड. मी म्हणालो, "अजून दुरुस्तीला हाय दादा." तो त्यांच्या खाटेखालीच होता.

१९ ऑगस्ट, बुधवार

आता यात मराठी नाही. म्हणून नेवाशाला गेलो. तिथे मोनिकाताई कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करतात. मला बसवून त्यांनी एक पत्रिका उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस.

"ताई, तुमचीही सडली!"

त्या हसल्या. "सडतीय कशाला? फाँट निवडायचा राहिला." एकदा टिचकी मारली. नवरा, नवरी, मुहूर्त – सगळे जागच्या जागी. "कापडं बदलली तरी माणूस त्योच की ओ."

वहीतून ते पान काढलं. त्यांनी ते पडद्याशेजारी टेकवलं. त्यातलं एकेक अक्षर, एकेक कंस जसाच्या तसा मारत तासभर बसल्या. पहिला फाँट – नाही. दुसरा – नाही. तिसऱ्याला ओळी सरळ झाल्या.

"सतरावी ईर. अकरा परस. खाली काळा पाषान, सा महिने गेले. पानी लागलं त्या दिशी मालकानं नारळ फोडला. आमाला वर वढलं. परत त्या ईरीला शिवू दिलं न्हाई. भागिरथीला वंजळीत वरून पानी घातलं. पन पयला घोट माझाच. खालीच पेलो, कुनी बघायच्या आत. लई ग्वाड हुतं."

म्हणजे सगळ्या तशाच होत्या. चांगल्या होत्या. मी पुसा म्हणालो तेव्हाही.

मोनिकाताईंनी पैसे घेतले नाहीत.

२० ऑगस्ट, गुरुवार

दादांना सतरावी वाचून दाखवली. भागिरथी हे आईचं नाव आलं तशी चुलीपाशी तिचा हात थांबला. दादांनी शेवटपर्यंत डोळे मिटलेले. मग बोट फिरवून खूण केली – पुढची.

खर्च: टेप ५, खोडरबर २, नगर जाऊन-येऊन ३६, मच्छिंद्र ६००, पान ३, नेवासे १४. एकूण ६६० रु.

एक्केचाळीस पानं छापायला लागले असते: २०५ रु.

देणे: छगनशेठ (पगारावर उचल) – ४०० रु.

दादा – चाळीस विहिरी.