तपासणीच्या दिवशीचा चहा

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (व्हीलचेअरमधून जमेल तेवढा, उरलेला मानून घेणे). तुझी पाठ कशी आहे? वहिनी अजून माझी काळजी करतात का? करू देत, त्यांना बरं वाटतं. इथून निघून वेगळं राहायचा विषय मी या पत्रात काढणार नाही. मागच्या चार पत्रांत काढून झालाय.

गेल्या मंगळवारी आमच्या निवासगृहाची अचानक तपासणी झाली. अचानक म्हणजे तसं पत्र दहा दिवस आधीच आलं होतं. तेवढ्या वेळात पडदे बदलले, तक्रारपेटीला रंग दिला (ती इतकी उंच टांगलीय की आमच्यापैकी एकाचाही हात पोचत नाही, म्हणून तक्रारी शून्य) आणि मॅनेजरबाई आम्हाला अहो-जाहो करायला लागल्या. यंदा नियमांत नवीन कलम आलंय: इथली माणसं आपापली कामं करतात का, हे अधिकाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. एरवी आमच्यापुरतं स्वयंपाकघराला कुलूप. भाजेल, सांडेल, पडाल. त्या दिवसापुरतं ते निघालं, बुटक्या टेबलावर शेगडी आली आणि चहासाठी माझी निवड झाली, कारण मी दिसायला गरीब आहे. पातेल्याला नुसता हात लावायचा, खरा चहा थर्मासमध्ये तयार आहे, असं बाईंनी तीनदा बजावलं.

दादा, तीन वर्षांनी समोर शेगडी बघितली आणि मला राहवेना. आलं किसलं, चहा उकळला, गाळला, अधिकाऱ्यांना दिला, बाईंना दिला, गाडीच्या ड्रायव्हरलाही पाठवला, आणि हात लागलाच आहे तर म्हणून सगळ्यांच्या भाजीचे बटाटे चिरायला घेतले. बाई थर्मास पोटाशी धरून उभ्या. अधिकारी दोन कप प्यायले आणि शेरा लिहून गेले, ‘यांना इथे का ठेवले आहे, याचा खुलासा करावा.’ त्या शेऱ्यापायी संस्थेचे गुण गेले म्हणे. मला फार वाईट वाटलं (अजिबात नाही). बाकी सर्व क्षेम.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. शेजारच्या खोलीतल्या शिंपीणबाई आणि मी, फिजिओथेरपीहून येताना वाटेतल्या एका इमारतीत तळमजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्या बघून आलोय. दाराला उंबरा नाही. मला तिथे राहायचंय, दादा, मनापासून. इथे ठेवताना सही तुझी होती, म्हणून सोडतानाही तुझीच लागते.

ता. क. २. सही करायची नसेल तर नव्या नियमाप्रमाणे कारण लेखी द्यावं लागतं. त्याला एकच ओळ ठेवलीय. ‘लोक काय म्हणतील’ तिच्यात बरोबर मावतं. मी पेन्सिलीने लिहून बघितलं आणि खोडलं. अजून थोडं दिसतंय, तर तू वर पेन तेवढं फिरव.