आता महिना ऐकू येतो

बिशान, सिंगापूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रबोध,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत. अमेय ऑफिसच्या कामाला जकार्ताला गेलाय. अनघाची परीक्षा संपली, ती खाली मैत्रिणींबरोबर सायकल फिरवतेय. तुझी बदली टळली असं आई म्हणाली. बरं झालं, रोजचा बसचा त्रास वाचला.

हे पत्र तुझा स्क्रीन रीडर तुला वाचून दाखवील. एक विनंती आहे. घरात स्पीकरवर लावू नकोस. हेडफोन घालून, एकटा असताना ऐक.

भाऊबीजेला मी फोनवर ओवाळलं, तू विचारलंस, "ताई, ओवाळणी काय पाठवू?" आणि मी नेटवर्क गेल्याचं सांगून फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं. अनघा शेजारीच होती. म्हणाली, "मम्मा, मामा वॉज स्टिल टॉकिंग, लाह!" त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं घेतलंय आणि रोज काहीतरी दुसरंच काम काढतेय.

आपलं कॅलेंडर तुला माहीतच आहे. सात वर्षांपूर्वी मी आणि माझी इथली मैत्रीण अश्लेषा, आम्ही सुट्टीच्या दिवशी बसून त्याचा कोड लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही फुकट घ्यावं, आपल्या वेबसाइटवर बसवावं, तारीख निवडायची सोय झाली. चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती पाठवावी, आणि ती घ्यायची की नाही हे आम्ही दोघींनी ठरवावं. खरं तर मीच. अश्लेषा लांब बुकित बातोकहून येऊन-जाऊन, दोन मुलं सांभाळून जेवढं जमेल तेवढं करते.

जानेवारीत 'मुंगी' नावाच्या कुणीतरी एक दुरुस्ती पाठवली. सोबत चिठ्ठी होती: "बाणाचं बटण दाबत पुढे गेलं की तुमचं कॅलेंडर महिना बदलतं, पण मला ते सांगत नाही. मला नुसतं दहा, अकरा, बारा ऐकू येतं. कोणत्या महिन्याची बारा तारीख?"

प्रबोध, मी तुला त्याच क्षणी ओळखलं.

बाबांनी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून केलेला तो महाराष्ट्राचा नकाशा. तुझं बोट धरून मी त्यावरून फिरवायचे. मुंगी नाशकात आली, मुंगी गोदावरीच्या काठाने चालली. हे नाव जगात दुसऱ्या कुणाला सुचणार? ताईच्या ओळखीने काम झालं असं कुणी म्हणू नये म्हणून तू नाव लपवलंस, हे मला कळलं. की मी ओळखावं म्हणूनच ते नाव घेतलंस? मला अजून कळलेलं नाही.

दुरुस्ती चांगली होती. नुसती चांगली नाही. सात वर्षं मी ते कॅलेंडर डोळ्यांनी पाहत होते, म्हणून मला जे कधी सुचलं नाही, ते तू चाळीस ओळींत केलं होतंस. मी ती त्याच दिवशी घ्यायला हवी होती. मी लिहिलं, "कोडमधली नावं आमच्या पद्धतीने ठेवा." तू ठेवलीस. मग लिहिलं, "याचे दोन भाग करा." तू केलेस. मग आणखी चाचण्या मागितल्या. त्याही तू दिल्यास, दर वेळी आभार मानून. शेवटी माझ्याकडे मागायला काही उरलं नाही, तेव्हा मी उत्तरच दिलं नाही.

एप्रिलमध्ये अश्लेषा आणि मी आंग मो किओच्या हॉकर सेंटरला जेवत होतो. ती म्हणाली, "तो मुंगी कोण आहे गं? तीन-चार प्रोजेक्टमध्ये त्याच्या दुरुस्त्या पाहिल्या. काय सुरेख लिहितो! लोक त्याला विचारल्याशिवाय फॉर्म बनवत नाहीत म्हणे. आपल्याकडे त्याचं काम का पडून आहे?"

"वेळ नाही झाला," मी म्हटलं.

"मी बघू?"

"नको. माझं चाललंय."

सात वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

तुझ्याबद्दल मात्र लहानपणापासून बोलत आलेत. माझा दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात तू कथाकथनात पहिला आलास. दोन्हींचे मिळून पेढे एकदाच आणले आणि येणारा प्रत्येक जण पेढा घेऊन तुझ्या पाठीवरून हात फिरवून गेला. मी ट्रे धरून उभी होते. असं वाटणं वाईट, हे मला तेव्हाही कळत होतं. ज्याला दिसत नाही त्या भावावर कोण जळतं? म्हणून मी ते कधी बोलले नाही, आणि तुला जास्त जास्त वाचून दाखवत राहिले. तुला वाचून दाखवताना घरात माझ्याइतकं महत्त्वाचं कुणी नसायचं. मग अकरावीत तुला तो बोलणारा लॅपटॉप मिळाला. तू त्याचा वेग इतका वाढवायचास की मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू यायचं. मी इतिहासाचं पुस्तक घेऊन आले, तर तू म्हणालास, "राहू दे ताई, माझं झालं वाचून." तुझा आनंद तुझ्या आवाजात मावत नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

आता मुख्य गोष्ट.

जूनमध्ये आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तू घेतलीस. बारा जून. तुम्ही दोघं सकाळी सातला तिथे पोचलात आणि काउंटरवरची बाई म्हणाली, तुमचं नाव बारा जुलैला आहे. त्या मधल्या महिन्यात आई जिन्याची पायरी चुकून पडली, मनगट मोडलं. विश्वासकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला दिसत नाही त्याच्या हाती असली कामं द्यायचीच कशाला?" आणि आईची दवाखान्याची सगळी कामं त्यांनी आपल्याकडे घेतली. तू मला फोन केलास.

मी म्हटलं, "अरे, मला सांगायचं ना. मी इथून दोन मिनिटांत केलं असतं."

तू म्हणालास, "चुकलं गं ताई."

त्या दवाखान्याच्या वेबसाइटवर आपलंच कॅलेंडर आहे. तारखेचा घोळ आईकडून कळला तेव्हाच, तुझा फोन यायच्या आधी, मी ते उघडून पाहिलं होतं. तू बारावर थांबलास, महिना पुढे सरकला होता, आणि तो तुला सांगणारी तुझीच दुरुस्ती पाच महिने माझ्याकडे पडून होती. हे माहीत असताना मी तुझ्याकडून "चुकलं" ऐकून घेतलं. याहून वाईट म्हणजे, तुझा तो खालचा आवाज ऐकताना मला बरं वाटलं. पुष्कळ वर्षांनी तुला माझी गरज लागली होती.

नंतर भीती वाटली. ऑगस्टमध्ये मी तुझी दुरुस्ती 'जुनी झाली' म्हणून बंद केली आणि तीच, थोडी फिरवून, माझ्या नावावर घातली. इथल्या एका मेळाव्यात त्यावर बोलले. टाळ्या पडल्या. एक आजोबा पांढरी काठी घेऊन पुढे आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. घरी येताना एमआरटीच्या डब्यात तो हात मी पर्सखाली झाकून बसले होते.

चार दिवसांनी माझ्या त्या कामाखाली मुंगीने लिहिलं, "आता महिना ऐकू येतो. आभार."

एवढंच. दावा नाही, टोमणा नाही. तू ओरडला असतास तर मी भांडले असते, माझ्याकडे कारणं तयार होती. या दोन वाक्यांशी कसलं भांडणार? भाऊबीजेपर्यंत मी तुझे फोन टाळले, ते त्यामुळे.

परवा अश्लेषाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मेधा, तो तुझा भाऊ नसता तरी हे वाईटच होतं." आम्ही दोघींनी बसून नोंद बदलली. दुरुस्तीवर आता तुझं 'मुंगी' हे नाव आहे, आणि खाली मी जाहीर लिहिलंय की हे काम मुंगीचं आहे, ते मी कुठल्याही तांत्रिक कारणाशिवाय अडवलं आणि मग माझं म्हणून दाखवलं. तुझं खरं नाव लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. काय घ्यायचं आणि काय नाही, हे यापुढे अश्लेषा पाहील. मी अधिकार सोडलाय.

काल काकांना फोन केला, ते आईजवळच बसले होते. योगायोगाने ते आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख मलाच घ्यायला सांगत होते. मी म्हटलं, "काका, आधी ऐका," आणि सांगितलं. सगळं त्यांना समजलं नसेल. पण शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे पोराचं काहीच चुकलं नव्हतं?"

"नव्हतं. माझं चुकलं होतं."

"मग तारीख तोच घेईल," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आईने ऐकलं होतं. ती रागावली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "त्या दिवशी परत येताना रिक्षात तो एक शब्द बोलला नव्हता गं, मेधा." मग फोन ठेवला.

मला ते माहीत नव्हतं. रात्रभर त्या रिक्षात बसल्यासारखी होते.

माफ कर असं लिहिणार होते, पण तू लगेच "जाऊ दे गं ताई" म्हणशील, आणि ते मला इतक्या स्वस्तात नको आहे. रागव. काकांवर नाही, माझ्यावर. उत्तर दिलं नाहीस, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावणार नाही.

आणखी एक, खरं सांगायचंच म्हणून. मार्चमध्ये तुला इथल्या मेळाव्यात बोलायला बोलवायचं असं अश्लेषाच्या मनात आहे. तिने ते सांगितलं तेव्हा माझ्या पोटात पुन्हा दुखलं. तू आलास तर पहिल्या रांगेत बसेन. दुखलं तरी बसेन.

आईच्या मनगटाला शेक देत जा.

अजूनही थोडी जळणारी,
तुझी ताई
मेधा