अमेरिकेत रूपक

बाबा,

आज संध्याकाळी स्कोफिल्ड्स या उपनगरातल्या आमच्या घरात, किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी आमच्या बँडच्या गायकाचा अंत्यविधी पाहिला. कोविडने गेला तो, हॅम्बुर्गला. इथून देशाबाहेर पडायला सध्या परवानगी लागते, ती मित्रासाठी मिळत नाही. बघता बघता गॅसवरचा भात लागला. तुम्ही त्याला कधी भेटला नाहीत, फक्त फोटो पाहून 'ते लांब केसांचं ध्यान' म्हणायचात.

मी अजून पुण्याच्या त्या स्वयंपाकघरात बसलेली असते. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही मला तबल्यावर रूपक ताल शिकवताय. सात मात्रा, आणि पहिल्या मात्रेवर, समेवरच खाली, म्हणजे डग्गा मोकळा. मी पहिल्याच मात्रेला डग्गा दणकन वाजवते, तुम्ही माझं मनगट धरता. "सम आली म्हणून लगेच दणका कशाला? तिथं हलकं राहायचं." जर्मनीला शिकायला जाऊन मी ड्रम वाजवायला लागले, तेव्हा तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत. मग स्वतःच फोन करून विचारलंत, त्याच्यावर रूपक बसतं का म्हणून. बसवलं की! आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याच ठेक्यातलं. युरोपात लोक खास ते ऐकायला यायचे.

अमेरिकेत मात्र आमची डाळ शिजली नाही. एका व्हॅनमध्ये आम्ही चौघं आणि सगळं सामान, आज हे गाव, उद्या ते. आमच्या आधीच्या बँडला टाळ्या, आमच्या वेळी बारवर गप्पा. आमचा तिथला मॅनेजर म्हणाला, ड्रमर चुकतेय, पहिला ठोका खातेय, लोकांनी मान हलवायची कुठे? गायक माझ्या बाजूने त्याच्याशी कडाकडा भांडला. मीच म्हटलं, जाऊ दे, देते ठोका. त्या दिवसापासून पहिल्या मात्रेला पेडलवर पाय आपटत गेले. लाज वाटायची, तरी आपटला. उपयोग शून्य.

त्यातच आईचा फोन आला, तुम्ही हॉस्पिटलमध्ये. चार दिवसांनी एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आम्हाला ऐकायला येणार होता. तुम्ही आईच्या हातून फोन घेतलात. आयुष्यात तबल्याचा एकही कार्यक्रम चुकवला नव्हता तुम्ही. मला वाटलं, म्हणाल, वाजवून ये. तुम्ही म्हणालात, "ते राहू दे गं. तू ये." मी सांगितलं, व्हिसाची अडचण आहे, इथून निघताच येत नाही. शोच्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. मी संध्याकाळी वाजवलं. तो माणूस आलाच नाही.

आज लॅपटॉप मिटल्यावर तुमच्या नातीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "मम, बॉर्डर्स शट आहेत. यू कुडन्ट गो." मी ढसाढसा रडले. तिला वाटलं, मित्रासाठी. त्याच्यासाठीही होतंच. पण बाबा, तेव्हा काहीही बंद नव्हतं. व्हिसा ठणठणीत होता, विमानं होती, गायक तर व्हॅनची किल्ली घेऊन मला विमानतळावर सोडायला उभा होता. मीच नाही म्हटलं. आई सांगायची, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही म्हणत होतात, "पोर अडकलीय हो तिकडे, नाहीतर धावत आली असती."

आईला मी खरं कधीच सांगितलं नाही, ती जाईपर्यंत. एक आमच्या गायकालाच ठाऊक होतं. आता माझ्याशिवाय कोणालाच नाही.