घोडदळाच्या तलवारीसाठी जागा

४ फेब्रुवारी
दादाला आज हॉस्पिटलमधून घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता आमच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणजे काम फत्ते. उगाच सगळ्यांनी धसका घेतला होता. वहिनी टॅक्सीत रडत होत्या. ताण उतरला की होतं तसं.
संकल्प : दादाच्या हॉलमधल्या सगळ्या तलवारी उतरवून पुसायच्या, पात्यांना तेलाचा हात द्यायचा. हातमोजे घालून. उघड्या हातांच्या घामाने पातं गंजतं.

५ फेब्रुवारी
पायदळाच्या कॅप्टनची तलवार उतरवली. हातमोजे सापडले नाहीत. परत टांगली.

९ फेब्रुवारी, सकाळी
मोठी बातमी. लिलावाचा कॅटलॉग आला. घोडदळाच्या अधिकाऱ्याची तलवार, जुनी, म्यानासकट! आमच्याकडे पायदळ आहे, नौदल आहे, लष्करी डॉक्टरचीसुद्धा आहे. घोडदळ तेवढं नाही. दादा प्रेसमध्ये नोकरीला लागला तेव्हापासून ती शोधतोय. मी तेव्हा शाळेत होतो, तरी शोधायला त्याच्यासोबत.
लगेच दुकान बंद करून फोटो दाखवायला गेलो. (गिऱ्हाईक बसलं होतं. चष्मा उद्याही मिळेल.) दादाने फोटो भिंगाखाली बराच वेळ पाहिला. लिलाव कधी, विचारलं. म्हटलं, २ मार्च. म्हणाला, बघू.
दादा 'बघू' म्हणाला की समजायचं, पठ्ठ्या तयार आहे.

१४ फेब्रुवारी
दादा जेवत नाही. वहिनींना सुचवलं, मीठ कमी पडत असेल. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही नुसते त्यांच्याजवळ बसा. बसलो. कॅटलॉग वाचून दाखवला. झोपला होता, पण ऐकत असणार.

१७ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. म्युझियमच्या बाई येऊन पाच तलवारी घेऊन गेल्या. दादानेच बोलावलं होतं. मला न विचारता! मी चिडलो तर म्हणाला, वस्तू सांभाळणाऱ्याकडे गेलेल्या बऱ्या. मग मी कोण?
जिना उतरताना ट्यूब पेटली. भिंतीवर बरोब्बर मधली जागा मोकळी झालीय. घोडदळासाठी! काय डोकं आहे माणसाचं.
बाईंकडून हातमोज्यांचा एक जोड मागून घेतला.

२३ फेब्रुवारी
दादाचं वजन उतरलंय. डॉक्टर किती वर्षं सांगत होते, कमी करा म्हणून. आता अंगात सदरा दोन माणसांचा वाटतो.
नौदलाची तलवार घरी घेऊन जा म्हणाला. म्हटलं, नेतो, नवी आली की परत आणतो. तो म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच." माझं मनगट धरून ठेवलं होतं त्याने. दुकान उघडायची वेळ टळून गेली, पण हात सोडवून घेतला नाही. बरं दिसलं नसतं.
डोळ्यांना सारखं पाणी येतंय. नंबर बदलला असणार. उद्या तपासतो.

२४ फेब्रुवारी
नंबर तोच आहे.

२ मार्च
मिळाली!! शेवटी मी आणि एक टकले गृहस्थ उरलो होतो. मी हात खालीच केला नाही.
थेट दादाकडे गेलो. वहिनींनी त्याला उशांना टेकवून बसवलं. मी तलवार त्याच्या पांघरुणावर आडवी ठेवली. तो पात्यावरच्या नक्षीवरून अंगठा फिरवत राहिला. खिडकीचा पडदा सरकवायला सांगितला. मग हळूच म्हणाला, "नवी आहे रे ही."
जुन्या तलवारीची नक्षी पुसून पुसून गुळगुळीत होते म्हणाला, ही अंगठ्याला टोचते. म्हटलं, उजेड कमी आहे. त्यावर तो हसला. अगदी पूर्वीसारखा, खोकला येईपर्यंत. आणि म्हणाला, "लाव. मधोमध लाव."
लावली. जराशी तिरकी लागली. दादा म्हणाला, सरळ आहे.
आजारपणात अंगठ्याची कातडी नाजूक होते, त्यामुळे टोचलं असेल. त्याला बरं वाटलं की पुन्हा दाखवीन. पुढच्या महिन्यात आणखी एक लिलाव आहे, तिथे त्यालाच घेऊन जाईन. व्हीलचेअर भाड्याने मिळते.

५ मार्च
व्हीलचेअर सांगून ठेवली.

६ मार्च
दादा सकाळी गेला.

७ मार्च

१९ मार्च
आज वहिनींनी जेवायला बोलावलं. दोघंच होतो. सवयीने तीन ताटं मांडली गेली, एक त्यांनी उचलून ठेवलं.
जेवताना म्हणाल्या, डॉक्टरांनी ह्यांना हॉस्पिटलमध्येच सगळं सांगितलं होतं. घरी आले त्याच दिवशी मला बजावलं, "धाकट्याला काही बोलू नकोस. तो इतक्या उत्साहाने येतो, येऊ दे." तुमची यायची वेळ झाली की दाढी करून घ्यायचे, म्हणाल्या. दुखण्याची गोळी आधी घेऊन ठेवायचे, म्हणजे तुमच्याशी बोलता यावं. तुम्ही गेलात की दिवसभर पडून असायचे.
मी पाणी प्यायलो. म्हटलं, वहिनी, मला माहीत होतं.
त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली.
माहीत नव्हतं.