मधलीविषयी

३ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल. माझा गुडघा होता तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, जिने चढू नका, आणि स्वतःचा दवाखाना थाटलाय दुसऱ्या मजल्यावर. बाबांच्या लाँड्रीचं आता सगळं मुलगा आणि सूनच बघतात. नवीन मशीन आलंय, ओले कपडे आत टाकले की कोरडे बाहेर. त्यामुळे मागच्या अंगणातल्या दोऱ्या काढून टाकल्या. अंगण अगदी बोडकं दिसतं. मी अजून सवयीने वाकूनच चालते तिथून, आणि सूनबाई हसते.

तू पाठवलेलं तुझ्या नव्या पुस्तकातलं प्रकरण पोचून बरेच दिवस झाले. तुझे फोन आले तेव्हा मी गुडघ्याचं पुराण लावलं. तुला वाटलं असेल, ताईने उघडूनही बघितलं नाही. तसं नाही. सूनबाई आणि मी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा थोडं थोडं वाचत होतो. सुरुवातीला मला काही झेपेना. ‘बालपण ही माणसांनी घडवलेली कल्पना आहे,’ असं वाचल्यावर मी म्हटलं, म्हणजे पोरं आता कारखान्यात बनतात की काय! मग तिने समजावलं. मूल सगळीकडे मूलच असतं, पण मूल म्हणजे काय, त्याने काय करायचं, ते कधी मोठं झालं म्हणायचं, हे प्रत्येक काळातली माणसं आपापलं ठरवतात. हे मला पटलं. त्यात दिलेल्या जुन्या चित्रांतली मोठ्यांचे कपडे घातलेली मुलं बघून मात्र आम्ही दोघी पोट धरून हसलो. चेहऱ्यावर अशी चिंता, जणू उद्या मुलीचं लग्न आहे.

एक वाक्य मी दोनदा वाचायला लावलं. ‘बालपण वयाने संपत नाही, घरातलं कोणीतरी एके दिवशी ते संपलं असं ठरवतं.’ छान लिहिलंयस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. फोनवर जमलं नसतं. तू ‘हं, हं’ करतोस आणि मी विषय बदलते.

तू लिहिलंयस, ‘आमच्याही घरी माझ्याआधी एक मूल जन्मून गेलं. त्याचं नावसुद्धा मी कधी ऐकलं नाही. ज्या घरांतून मुलं जात, ती घरं जीव आखडता घ्यायला शिकत.’ आणि बाजूला पेन्सिलीने, ‘ताई, हे बरोबर आहे ना?’

नाही रे बाबा. बरोबर नाही.

ते मूल नुसतं जन्मून गेलं नाही. ती पाच वर्षांची झाली होती. आपण तिघं होतो. मी थोरली, तू धाकटा, आणि ती मधली. तुला धाकटा का म्हणतात, याचं तुला कधी नवल वाटलं नाही? दोघांत कोणी धाकट्या म्हणून हाक मारत नाही, बाळ म्हणतात. तुला ‘मधली’ म्हणता यायचं नाही. तू ‘मदी’ म्हणायचास.

ती तुझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठी, पण रुबाब असा की तुला तिनेच जन्म दिलाय. अंगणात चादरी वाळत असायच्या. दोन चादरींच्या मधल्या बोळात तुमचं घर. तू बाहेर आलास की तुला कॉलरला धरून आत न्यायची, “बाहेर समुद्र आहे, बुडशील.” बाबा चादरी काढायला आले की ओरडायची, “बाबा, आमची भिंत!” आणि बाबा, आपले बाबा, ज्यांच्या आवाजाने गिऱ्हाईकसुद्धा दचकायचं, ते ती चादर तशीच ठेवून पुढची काढायचे.

तिचं एक होतं. सगळ्यात “आधी मी.” औषध आधी ती चाटून बघणार, तोंड वाकडं करणार आणि तुला सांगणार, “गोड आहे.” आंघोळीच्या पाण्यात आधी तिचा अंगठा. मग मान हलवून म्हणायची, “चल.” तेव्हा कुठे तू पाय उचलायचास. आईने कितीही पाणी विसणलं तरी तुला मदीचं ‘चल’ लागायचं.

पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. चार दिवस होती. दवाखान्यात नेलं, परत आणली, पुन्हा नेली. दुसऱ्यांदा बाबा एकटेच परत आले आणि पायरीवर बसून राहिले. आई आत होती. तिने बाहेर येऊन त्यांच्याकडे बघितलं आणि काही न विचारता दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

तुला कोणी काही सांगितलं नाही. काय सांगणार? तू तिला शोधत फिरायचास. कपड्यांच्या टोपल्या उपड्या करायचास. खायला दिलं की अर्धं बाजूला ठेवायचास, आणि ती येत नाही म्हटल्यावर उरलेलं अर्धंही खायचा नाहीस. तुझ्या बरगड्या दिसायला लागल्या. आंघोळीच्या वेळी बादलीजवळ उघडा उभा राहायचास, कुडकुडत. आई उचलून पाण्यात ठेवायला गेली की हात-पाय झाडायचास, रडून रडून निळा व्हायचास. डॉक्टर म्हणाले, पोराने धसका घेतलाय, असंच चाललं तर कठीण आहे.

त्या संध्याकाळी बाबांनी आईला आणि मला समोर बसवलं. “एक गेली. याला जाऊ द्यायचं नाही,” म्हणाले. “आजपासून तिचं नाव या घरात काढायचं नाही. याला विसरू दे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू आता मोठी आहेस.”

मी दहा वर्षांची होते, धाकट्या.

दुसऱ्या दिवशी तू तसाच बादलीजवळ उभा. आई हात जोडत होती तुला. मला काय वाटलं कोण जाणे, मी पुढे झाले, पाण्यात पायाचा अंगठा बुडवला आणि म्हटलं, “चल.” तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ. मग म्हणालास, “मदी?”

मी हो म्हटलं.

तू पाण्यात उतरलास. त्या दुपारी पोटभर जेवलास. पुढे कितीतरी दिवस तू मला मदीच म्हणत होतास आणि मी ओ देत होते. मग हळूहळू आईचं ऐकून ताई म्हणायला लागलास. ज्या दिवशी पहिल्यांदा ताई म्हणालास त्या दिवशी घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मी मागे जाऊन चादरींच्या आत उभी राहिले. आता ती खरीच गेली, असं मला त्या दिवशी वाटलं.

तू लिहितोस, जीव आखडता घेतला. आई मोरीत नळ सोडून रडायची, म्हणजे आवाज तुझ्यापर्यंत जाऊ नये. बाबांनी त्यानंतर लहान मुलांच्या कपड्यांची इस्त्री दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. एवढी माणसं कामाला होती, पण छोटा फ्रॉक आला की बाबांच्याच टेबलावर. एकदा मी विचारलं, “बाबा, तुम्हाला ती आठवते?” त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. “इस्त्रीकडे लक्ष दे, करपेल,” म्हणाले. त्यांचा स्वतःचा हात मात्र त्या फ्रॉकवर नुसताच फिरत होता. इस्त्री बाजूला होती.

हे तुला आधी का नाही सांगितलं, विचारशील. बाबांना शब्द दिला होता. मग बाबा गेले, आई गेली. बंदी घालणारे गेले आणि उठवायची राहून गेली.

पुस्तक छापायला जाण्याआधी हे तुला कळावं असं वाटलं. काय करायचं ते तू ठरव. तुझ्या शास्त्रातलं मला कळत नाही.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार.

पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं. दोन विद्यार्थी शंका विचारायला बसले होते. त्यांना म्हटलं उद्या या, आणि दार लावून घेतलं.

मला काही आठवलं असं खोटं लिहीत नाही. डोळे मिटून बघितलं. चादरी दिसतात, पण त्या तर मी मोठेपणीही पाहिल्यात. तिचा चेहरा नाही, आवाज नाही. दुसऱ्यांची बालपणं शोधत मी जन्म काढला, आणि माझ्या बालपणातलं सगळ्यात जवळचं माणूस मला ठाऊक नाही.

आम्हा बालपणाच्या इतिहासकारांत यावर जुना वाद आहे. पहिल्या पिढीतले म्हणाले, पूर्वी मुलं फार दगावत, म्हणून आईबाप त्यांच्यात जीव गुंतवत नसत. कागदोपत्री शोक दिसत नाही, म्हणजे तो नव्हता. नंतरचे म्हणाले, बोलले नाहीत म्हणून दुःख नव्हतं असं कसं धरता? मी हा वाद वर्षानुवर्षं शिकवतो. आणि बाजू पहिल्यांची घेत होतो. कारण तुला सांगतो. मला लहानपणी शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं की तुमच्याकडे आधी एक मूल गेलं. मी घरभर बघितलं, कोणाला त्याचं काहीच नव्हतं. तेव्हा मनात बसलं, उद्या मी गेलो तरी परवा दुकान उघडेल. बाबांशी मी त्यानंतर कामापुरतंच बोलत आलो. हॉस्टेलवर गेलो तो गेलोच. ते स्टेशनवर पोचवायला आले होते. गाडी हलेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, कोरडा माणूस.

ती पानं मी काढून घेतली आहेत. प्रकाशकाला थांब म्हटलंय. तू परवानगी दिलीस तर पुन्हा लिहीन, तिच्यासकट. नको म्हणालीस तर आपलं घर पुस्तकात येणारच नाही.

तिचा एखादा फोटो आहे का? रविवारी येतो.

तुझा,
धाकटा


१५ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

आशीर्वाद.

फोटो नाही. काढायचा राहिला. रंग आईचा, कपाळ बाबांसारखं रुंद, आणि हसली की एक दात ओठावर यायचा. तेवढं मला स्वच्छ दिसतं.

पुस्तकात खुशाल लिही. पण बाबांना थोर करू नकोस. ते चिडके होते, माणसांना टाकून बोलायचे, तसेच राहू देत. आणि त्यांनी केलं ते बरोबर केलं असंही लिहू नकोस. तू वाचलास, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण तिचं नाव काढायला मिळालं असतं, तर आईचं आयुष्य जरा सोपं गेलं असतं, असं मला आता वाटतं.

काल जेवताना मुलाला आणि सुनेला सांगितलं. मुलाने हातातला घास ताटात ठेवला. मग भडकला, “मला एक मावशी होती आणि या वयात कळतंय?” थोड्या वेळाने ताट बाजूला सारून म्हणाला, “काय करायची ती? सांग ना.” मी सांगत बसले. जेवण निवलं, कोणी उठेना. शेवटी सूनबाईने सगळं परत गरम केलं.

रविवारी सकाळच्याच गाडीने ये, जेवायलाच ये. राहायच्या तयारीने ये. तिला पाहिलेलं असं आता माझ्याखेरीज तूच एक उरलायस, आणि तुला काही आठवत नाही. असू दे. इतकी वर्षं हे बोलायला मला कोणी नव्हतं. मी सांगेन, तू नुसता बस.

वाट बघते.

तुम्हा दोघांची, तुझी आणि मधलीची,
ताई